भरलेला वॉर्ड

झोपायचं कसं

"पाय असे ऐटीत पसरू नका, मॅडम. सहलीला आला नाहीत तुम्ही."

हे सांगणारा माणूस हॉस्पिटलचा व्यवस्थापक. पाठीमागे सगळे त्याला हसरा म्हणतात, कारण त्याचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी पाय जवळ घेतले. केस विंचरायचे नाहीत. जेवण आलं की तुटून पडायचं नाही, चार घास खाऊन ताट सरकवायचं. कुणी काही विचारलंच तर आवाज पोटातून नको, घशातून काढायचा.

मला काहीही झालेलं नाही. मी कपडे अल्टर करते. कुणाची कंबर सैल करायची, कुणाच्या पँटची उंची कमी करायची. धडधाकट बाई मी. आणि भर दिवसा वॉर्डात पडून आहे, हाताला चिकटपट्टीनं सलाइनची नळी लावलेली. नळीच्या टोकाला सुई नाही.

हॉस्पिटल विकायचं चाललंय. घेणारी कंपनी मोठी आहे, तिची माणसं पाहायला येणार आहेत. इथे सगळे त्यांना पाहुणे म्हणतात. पाहुण्यांना भरलेले बेड हवेत. बेड रिकामे आहेत, कारण अनामत भरल्याशिवाय इथे कुणाला घेत नाहीत आणि तेवढी अनामत भरू शकणारं माणूस या भागात उरलेलं नाही. म्हणून बेड भरले. कुणाला रोजावर आणलं, कुणाला ओळखीवर.

मला माझ्या बहिणीच्या बदल्यात.

धाकटी

धाकटीच्या गर्भाशयात गाठ आहे. रक्त थांबत नाही. फार वेळा धुतलेलं कापड उजेडात धरलं की आरपार दिसतं, तशी ती दिसायला लागली आहे. सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली ती पुढच्या वर्षाची. तारीख लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईच हळूच म्हणाल्या, एवढं थांबू नका.

इथल्या काउंटरवर मी रडले. रडायचं ठरवून गेले नव्हते. हसरा बाहेर आला, मला आत नेलं, पाणी दिलं.

"तुम्ही आम्हाला मदत करा, आम्ही तुम्हाला करतो. पाहुणे येऊन गेले की लगेच तिचं ऑपरेशन. अनामत नाही, काही नाही. माझा शब्द."

घरी येऊन सांगितलं तेव्हा धाकटी पोट दाबून हसली. "आजारी मी आणि झोपायचं तू? बरंय की गं ताई तुझं!"

"तुझ्यासाठीच चाललंय ना, भवाने."

"मग माझ्या वाटणीचं थोडं कण्ह."

तालीम

कधीपासून त्रास होतोय?
— महिना झाला असेल. पाय सुजतात.

धाप लागते?
— जिना चढताना.

इथे बरं वाटतंय?
— हो. इथले लोक फार चांगले आहेत.

शेजारच्या बेडवर एक म्हातारी बाई होती. तिनं आयुष्यभर नाटकात मोलकरणीची आणि शेजारणीची कामं केली होती. तिला आम्ही नटीमावशी म्हणायचो. ती रोजावर आली होती आणि खुशीत होती.

"पोरी, 'आई गं' म्हणू नकोस. सगळ्या तेच म्हणतात. खरं दुखतं ना, तेव्हा माणूस काहीच बोलत नाही. फक्त समोरच्याकडं पाहतो, हा का नाही काही करत म्हणून."

"मावशी, तुम्हाला काय दिलंय?"

"मला मूतखडा. मुख्य भूमिका कधी मिळाली नाही, ती आता मिळाली."

पलीकडच्या बायका तोंडावर चादर घेऊन हसल्या. सगळा वॉर्ड हसत होता. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय बाई सुखी आजारी आहेत.

नाव

खोट्या फाइली पकडल्या जातात. म्हणून फाइली खऱ्या वापरायच्या, असं ठरलं होतं. जे बरे होऊन गेले त्यांच्या. जे बरे न होता गेले त्यांच्याही. फक्त शेवटचं पान काढून टाकायचं.

हे मला आधी सांगितलं नव्हतं. मला फक्त एक नाव दिलं, हाक मारली की ओ द्यायला. ते नाव इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

मोठ्या सिस्टरांनी पहिल्यांदा मला त्या नावानं हाक मारली आणि मध्येच थांबल्या. थर्मामीटर झटकत राहिल्या. पारा केव्हाचा उतरला होता.

"काय झालं, सिस्टर?"

"काही नाही. या नावाच्या बाई होत्या."

"कुठे?"

त्यांनी माझ्या उशीकडे पाहिलं.

जरा थांबून

शिवणारीला दुसऱ्याच्या अंगाचा साचा कळतो. जुन्या झग्याला हात लावला की समजतं, बाई कोणत्या खांद्यावर पिशवी घ्यायची. त्या गादीत डाव्या बाजूला खळगा होता. कुणीतरी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपत असणार. मी उजव्या कुशीवर वळायचे. डुलकी लागायची. जाग यायची तेव्हा मी डावीकडे असायचे, खळग्यात, गुडघे पोटाशी.

दुपारी वॉर्डात ऊन यायचं. पडदे पांढरे, चादरी पांढऱ्या, सगळं लख्ख. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. तरी दुपार झाली की मला तहान लागायची. पाणी प्यायले तरी लागायची. ती तहान माझी नव्हती, असं म्हटलं तर वेड्यात काढतील. पण माझी तहान मला माहीत आहे. माझी तहान पाण्यानं जाते.

पाय सुजले नव्हते. मी रोज चादर वर करून पाहायचे. नव्हते सुजले.

"तुला भूमिका लागली," नटीमावशी म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

पाहुणे

उंच माणूस आणि एक तरुण बाई. दोघांचे बूट वाजत नव्हते. हसरा मागून चालत होता आणि मागून चालतानाही हसत होता.

बाई माझ्या बेडपाशी थांबली. तालमीतलं सगळं तिनं विचारलं, तालमीतलं सगळं मी सांगितलं. पाय सुजतात. जिना चढताना. फार चांगले लोक आहेत. मग ती म्हणाली, "नातेवाइकांशी आम्ही स्वतः बोलतो. सेवेबद्दल समाधानी आहेत का, ते विचारायला."

आणि तिनं फाइलवरचा नंबर लावला.

हसऱ्याचं तोंड मी पहिल्यांदा मिटलेलं पाहिलं. त्यांनी पान काढलं होतं. नंबर काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या घरी कोण फोन करतंय?

फोन स्पीकरवर होता. पलीकडे काहीतरी घासल्याचा आवाज, लोखंडावर लोखंड.

"नमस्कार. तुमच्या मिसेस आमच्याकडे ॲडमिट आहेत, त्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं."

घासणं थांबलं.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"...कशी आहे ती?"

"आता बऱ्या आहेत. बोलता का त्यांच्याशी?"

आणि तिनं फोन माझ्या तोंडापुढे धरला.

हे झालं नाही

मी उठून बसले. मी म्हणाले, भाऊ, मी तुमची बायको नाही, मी कपडे अल्टर करते, मला इथे झोपवलंय. पाहुणे निघून गेले. हॉस्पिटल विकलं गेलं नाही. हसऱ्यानं मला हात धरून बाहेर काढलं. धाकटी घरी भिंतीला टेकून बसली होती, तिच्याखालची घडी केलेली चादर ओली होती, आणि तिनं विचारलं, मग आता कधी गं, ताई?

हे झालं

"हॅलो," मी म्हणाले. घशातून.

पलीकडे श्वास. मग तो माणूस म्हणाला, "येतो मी. थांब."

किल्लीवाला

त्याचं दुकान जवळच असावं. पाहुणे अजून वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते, एवढ्यात जिन्यावरून किल्ल्यांचा आवाज आला. कमरेला जुडगा बांधलेला, बोटांना लोखंडाची काळी पूड. दारात उभा राहून त्यानं एकेक बेड पाहिला. मग सरळ याच बेडपाशी आला. त्याला बेड माहीत होता.

तिला त्यानं स्वतः शेवटचा निरोप दिला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी आला. 'बऱ्या आहेत' असं कुणी सांगितलं तर माणूस येणारच.

तरुण बाई लगबगीनं परत आली. "अरे वा, लगेच आलात! हे तुमचे मिस्टर ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो काय पाहत होता ते मला कळत नव्हतं. माझा चेहरा, की उशीवरचं डोकं, कुणाचंही.

"हो," तोच म्हणाला. "माझी बायको आहे."

बाई खूश होऊन परत उंच माणसाकडे गेली. तो स्टुलावर बसला. किल्ल्या वाजू नयेत म्हणून जुडगा मुठीत धरला.

"घाबरू नका, बाई," तो खाली मान घालून हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही कोण, ते मला विचारायचं नाही. मी आरडाओरडा करणार नाही. तुमचीही काहीतरी अडचण असेल. नाहीतर असं कोण झोपतं?"



"पाय सुजले म्हणून आणली होती. चालत आली होती, आधी ह्याच बेडवर होती. मग ह्यांनी काचेच्या खोलीत टाकली, आयसीयूत. मी खाली काउंटरवर. ते म्हणायचे, आधीचं चुकतं करा, मग वर सोडतो. मी दुकानातलं मशीन गहाण टाकायला गेलो, आलो, तर म्हणाले, अजून थोडं राहिलंय. तेवढ्यात ती गेली. मला एवढंच पाहिजे. तिनं मला बोलावलं होतं का? की झोपेतच गेली? झोपेत गेली असेल तर बरं झालं. ते कुणी सांगत नाही. आता तुम्ही तिच्या जागेवर आहात, म्हणून विचारलं. वेड्यासारखं विचारलं. राहू द्या."

मला काय माहीत? मी 'झोपेत गेली' म्हणू शकले असते. त्याला तेच हवं होतं. तो उठून गेला असता, पाहुणे निघून गेले असते, धाकटीचं ऑपरेशन झालं असतं. सगळ्यांचं भलं झालं असतं. पण मला त्या बेडवर दुपारी तहान लागत होती, आणि झोपेत गेलेल्या माणसाला तहान लागत नसते.

पलीकडे मोठ्या सिस्टर औषधांची ट्रॉली धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सिस्टर," मी हाक मारली. मोठ्यानं. घशातून नाही, पोटातून. सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. "सिस्टर, मी ह्यांना बोलावलं होतं का हो?"

हसरा घाईघाईनं पुढे आला. "पेशंटला जरा भ्रम—"

"हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बोलावलं होतंत. सकाळपासून. पाणी मागत होतात आणि ह्यांना मागत होतात. मी खाली फोन केला. खालून म्हणाले, काउंटरचं आटपलं की पाठवतो. मी परत केला. परत तेच म्हणाले." त्यांचा आवाज सरळ होता, इंजेक्शनची वेळ सांगावी तसा. "मी हात धरून बसले होते तुमचा. पण तुम्हाला माझा हात नको होता."

नटीमावशीनं तोंडावर चादर ओढून घेतली.

आता संपलं, मला वाटलं. आता हे लोक विचारतील की बाई तर समोर पडली आहे, मग सिस्टर गेलेल्या बाईबद्दल बोलावं तसं का बोलतायत? मी धाकटीला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले.

उंच पाहुण्यानं हसऱ्याला विचारलं, "म्हणजे पैसे भरल्याशिवाय नातेवाइकांना वर सोडत नाहीत?"

"तसं नाही, सर... म्हणजे... नियम आहे."

"आणि स्टाफनं फोन केला तरी नाही?"

हसऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

"चांगलं आहे," उंच पाहुणा म्हणाला. "तुमची थकबाकी इतकी कमी कशी, ते आमच्या लक्षात येत नव्हतं."

आणि ते दोघं पुढच्या वॉर्डाकडे गेले. बूट न वाजवता.

किल्लीवाला अजून बसलेला होता. त्यानं चादरीची एक सुरकुती हातानं सरळ केली, तिथे काळी बोटं उमटली. ती पाहून ओशाळला.

"येतो मी," तो म्हणाला. आणि मग, दारातून परत वळून, सगळे म्हणतात तसं, "लवकर बऱ्या व्हा."

शब्द

हॉस्पिटल विकलं गेलं. दारावरची पाटी बदलली, आतलं काउंटर तसंच राहिलं. मोठ्या सिस्टर दुसऱ्या दिवशीपासून दिसल्या नाहीत. त्यांच्याबरोबरच्या जुन्या सिस्टरही हळूहळू गेल्या, कमी पगारावर नव्या मुली आल्या.

हसऱ्यानं शब्द पाळला. हे मला सांगायलाच हवं. त्यानं मला बोलावून घेतलं.

"उद्या घेऊन या बहिणीला. फक्त एक अडचण आहे. नवीन नाव घेतलं की नवी कंपनी आधी अनामत मागते. ते आता माझ्या हातात नाही. पण एक नाव चालू आहे. बेड चालू, औषधं चालू. पाहुण्यांनी स्वतः पाहिलेली पेशंट आहे. त्या नावावर ऑपरेशन सहज बसेल."

"ती बाई मेली आहे."

"कागदावर नाही, मॅडम," तो म्हणाला. वाईट वाटून म्हणाला. हसत हसत.

"रक्त पुन्हा तपासायचं. सगळं पुन्हा तपासायचं. नाहीतर त्या बाईच्या पायांचं औषध धाकटीला द्याल."

"तपासू. अहो, आम्ही काय राक्षस आहोत?"

धाकटीला सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, ओठ पांढरे पडलेले. "चालेल की. दुसऱ्याचा ड्रेस घालून लग्नाला जातोच ना आपण." मग, "कशी होती गं ती?"

"डाव्या कुशीवर झोपायची."

"तुला कसं माहीत?"

मी तिची पिशवी भरत राहिले.

दाराबाहेर

धाकटीला आत नेलं. जाताना ती स्ट्रेचरवर ते नाव पाठ करत होती, शाळेतल्या कवितेसारखं, मान हलवत. दार मिटलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले आणि घाईत निघून गेले. "शुद्धीवर आल्या की बोलावतील." मी दाराला लागून उभी राहिले. दार जाड नव्हतं.

आतून आवाज आला. एक तरुण मुलगी, नवी सिस्टर असणार. तिनं त्या नावानं हाक मारली. "डोळे उघडा बरं. झालं तुमचं."

काही नाही.

पुन्हा ते नाव. जरा मोठ्यानं. "ऐकू येतंय का? ओ द्या बघू."

मग दुसरा आवाज, पुरुषाचा. तेच नाव. मग गालावर चापट्या मारल्याचा आवाज. मग पुन्हा दोघं, आळीपाळीनं, ते नाव, ते नाव, ते नाव. आणि मध्ये यंत्राची टिकटिक, जी मघापर्यंत मला ऐकू येत नव्हती.

"ओ देत नाहीये, सर. प्रतिसादच नाही."

"बाकी सगळं ठीक आहे... भूलवाल्या डॉक्टरांना बोलाव. परत भुलीच्या गॅसवर घेऊ. श्वासाची नळी तयार ठेव."

आत कुणालाच माहीत नव्हतं. ते नाव कुणाचं हे ज्यांना माहीत होतं त्या मोठ्या सिस्टर घरी होत्या. हसरा खाली होता. त्या मजल्यावर मी एकटी होते जिला ठाऊक होतं की ते चुकीच्या बाईला उठवतायत, आणि ती उठणार नाही.

मी दार ढकललं. वॉर्डबॉयनं दंड धरला. "आत जाता येत नाही, बाई. खाली काउंटरला—"

मी त्याला काय केलं ते आठवत नाही. त्याच्या शर्टाची शिवण उसवल्याचा आवाज आठवतो.

धाकटी भिंतीकडे तोंड करून होती. डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी.

"बाहेर व्हा!" सिस्टर ओरडली.

"धाकटे!" मी ओरडले. "धाकटे, ऊठ! दूध उतू चाललंय! ऊठ गं कार्टे, गॅस चालू ठेवून झोपलीस!"

पापणी हलली.

"धाकटे!"

डोळे उघडले. मला पाहिलं, माझ्या पलीकडे पाहिलं, सिस्टरकडे, छताकडे. ओठ सुकून चिकटले होते. मी बोटानं सोडवले.

"ताई," ती म्हणाली. आवाज फार लांबून येत होता. "किती वेळ हाका मारत होते कुणाला तरी."

"हो."

"ती उठली का गं?"

सिस्टर फाइल उघडून माझ्याकडे बघत होती. पुरुष डॉक्टर फाइलकडे बघत होता. धाकटीच्या पापण्या पुन्हा जड व्हायला लागल्या, तसा मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि भिंतीपासून माझ्याकडे वळवला.

"तू बोलत राहा," मी म्हटलं. "काहीही बोल. मला शिव्या दे. पण बोलत राहा."